खाऱ्या विहिरीची भरती

१

सकाळी उठलो की मी आधी विहिरीवर जातो. चहा नंतर. दोन बकऱ्या आहेत, त्यांना पाणी लागतं, अन् मला आंघोळीला लागतं. पिण्याचं पाणी गावातल्या नळाचं. शेजारच्या वावरातला गोकुळ मोटारसायकलला कॅन बांधून आणून देतो. विहिरीचं पाणी पिता येत नाही. वडनेर भोलजीकडून पूर्णा नदीच्या अंगाला आलं की सारा खारपाणाचा पट्टा लागतो. वर जमीन काळी, सपाट, अन् खाली पाणी खारट. नव्या माणसानं चूळ भरली तर तोंड वाकडं करून थुंकून टाकतो. बकऱ्यांना सवय झाली आहे, मलाही झाली आहे.

विहीर दगडी बांधणीची, पायऱ्यांची. पायऱ्या चोवीस आहेत असं माझी बायको पंचफुला सांगायची. मी कधी मोजल्या नाहीत. मला एक पायरी ओळखीची आहे, तिचा कोपरा फुटलेला आहे. चैत्रात पाणी त्या फुटक्या पायरीशी येऊन थांबतं, अन् पाऊस पडेपर्यंत खालीच जात राहतं. चाळीस वर्षं मी हेच पाहत आलो.

त्या दिवशी पाणी फुटक्या पायरीशीच होतं. पण तिच्या वरच्या पायऱ्या ओल्या होत्या. चार-पाच असतील. ओल कशी, तर सुतार दोरी मारून रेघ ओढतो तशी सरळ. रेघेच्या वर दगड कोरडा, खाली काळाभोर ओला. म्हणजे पाणी तिथवर येऊन, उभं राहून, परत गेलं होतं.

मी बादली ठेवून पाहत राहिलो. तेवढ्यात गोकुळ कॅन घेऊन आला.

"राम राम, काका. पायरीशी काय बोलून राह्यले?"

"जय भीम. गोकुळ, तू इथं मोटर लावली होती काय बे काल?"

"मोटर? खारं पाणी देऊन काय जाळू मी? हरभरा तर कवाच घरी गेला."

"मग हे ओलं कशानं झालं?"

त्यानं वाकून पाहिलं. "बकरी उतरली असन. मुतली असन."

"एवढ्या पायऱ्या भरून?"

"बकरी तुमची हाय, काका. तिचं पोट तुमालेच माहीत."

तो हसला, मीही हसलो. कॅन उतरवून तो गेला. मग मी बोट ओल्या दगडाला लावून चाखलं. आमचं पाणी खारट आहे, पण ते मातीचं खारट. जिभेवर बसतं अन् लवकर उतरतं. हे त्याहून कडू होतं. ही चव मी एकदाच चाखली होती, फार मागं, अन् इथं नाही.

२

शाळेत मी गेलो नाही. अक्षरं पुढं तरुणपणी, कामावर असताना ओळखीची झाली. पण घड्याळ मला चांगलं कळतं.

मी चुन्याची डबी घेतली अन् ओल जिथवर आली तिथं बोट ओढलं. दुपारी पाहिलं, पाणी खाली. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पाहिलं, तर पाणी चुन्याच्या बोटाला टेकलेलं होतं. हलत नव्हतं. तासाभरानं ते उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तसंच, पण थोडं उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. दर दिवशी पाऊण तासानं मागं पडत होतं.

तिसऱ्याच दिवशी मला समजलं होतं. पण मी समजू दिलं नाही. म्हटलं, कुणी वरच्या अंगाला बोअर मारला असेल. म्हटलं, धरणाचं पाणी सुटलं असेल, त्याचा पाझर. म्हटलं, म्हाताऱ्याचे डोळे. एक डोळा तर खामगावला शिबिरात ऑपरेशन झालेला. प्रत्येक गोष्ट मनात ठेवून पाहिली. बोअर पाऊण तासाचा हिशेब धरून चालत नाही. पाझर चढतो, पण दिवसातून दोनदा उतरत नाही. अन् चुन्याचं बोट माझं होतं, डोळ्याचं नव्हतं.

दिवसातून दोनदा चढणारं अन् रोज पाऊण तास मागं पडणारं पाणी एकच असतं. ते इथून शेकडो कोस लांब आहे.

आवाजाचंही सांगतो. पाणी चढताना खळखळ नव्हती. विहीर नुसती श्वास घेतल्यासारखी वाटायची. लांब, दमलेल्या माणसाचा श्वास. मी खोलीत खाटेवर पडलेला असलो तरी तो मला ऐकू यायचा.

माझी खोली वावरातच आहे. पत्र्याची, एका दाराची. पंचफुला दिवाळीच्या आधी गेली, तेव्हापासून त्यात मी एकटाच. मुलगा संघपाल मेहकरला शिक्षक आहे. जमीन गोकुळला वहायला द्यायची अन् मी मेहकरला जायचं, असं ठरलं होतं. संघपालचा रोज फोन येतो.

"बाबा, जेवले काय?"

"हाव."

"काय जेवले?"

"भाकर."

"अन् भाकरीसंगं?"

"चटणी."

"म्हणजे कालचंच. रविवारी मी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेवजा. यावेळेस बकरीचं निमित्त चालणार नाही, बकऱ्या रेणुकावहिनी सांभाळते म्हणे."

रेणुका म्हणजे गोकुळची बायको. सगळं आधीच बोलून झालं होतं. मी हो म्हणालो. विहिरीचं त्याला सांगितलं नाही. एकट्या म्हाताऱ्यानं मुलाला फोनवर सांगावं की माझ्या विहिरीला भरती येते, तर मुलगा रविवारची वाट पाहत नाही.

३

आता ते सांगावंच लागेल.

एकाहत्तरच्या लढाईत मी समुद्रावर होतो. वय वीस. लढाऊ बोटीवर साफसफाईला लागलो होतो. झाडू, पोछा, संडास, स्वयंपाकघरातली भांडी. बंदूक माझ्या हातात कधी आली नाही.

त्या दिवशी सकाळी कळलं की वैऱ्याच्या दोन बोटी बंदर सोडून पळाल्या आहेत. उघड्या समुद्रात निघून गेल्या तर हाती लागायच्या नाहीत. आमची बोट त्यांची वाट अडवायला धावली. इंजिनानं सगळी बोट थरथरत होती, भांडी आपोआप वाजत होती. मी भांड्यांवर हात ठेवून उभा होतो. मग डोक्यावरून आपली विमानं गेली, इतकी खालून की पायाखालचं लोखंड घुमलं. मी बाहेर आलो.

पाण्याच्या टोकाला धुराच्या दोन रेघा दिसत होत्या. त्या पळत होत्या. एक रेघ वळायची, परत सरळ व्हायची. ससा जसा कुत्र्यापुढं वळतो तशी. विमानं एकामागं एक खाली जात होती. ती वर यायची तेव्हा खाली पाण्याचे खांब उभे राहायचे, पांढरे, अन् हळूच पडायचे. आवाज मागून यायचा. मग आमच्या तोफा सुरू झाल्या. मी कान दाबून बसलो. किती वेळ ते मला ठाऊक नाही.

उठून पाहिलं तर एक बोट नव्हती. दुसरी आडवी होऊन जळत होती, अन् पाहता पाहता तीही गेली. पाण्यावर तेल पसरलं होतं, जाड, काळं. त्या तेलात डोकी होती.

आमच्या साहेबानं होडी खाली सोडायला सांगितली. वैरी असला तरी पाण्यातला माणूस उचलायचा, असा समुद्राचा कायदा आहे म्हणे. पण घाई होती. पाण्याखालून कुणी येईल, वरून कुणी येईल, थांबून राहणं धोक्याचं होतं. साहेबानं इकडंतिकडं पाहिलं अन् मलाच हाक मारली. माझी नजर चांगली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी मी ज्वारीत पाखरं राखली होती.

"ए शंकर, कितने हैं? गिन के बोल."

मी मोजायला लागलो. मला मोजायची एकच रीत येत होती, खळ्यावरची. माझा बाप दुसऱ्यांच्या खळ्यावर रास मोजायचा. पहिल्या पायलीला तो एक म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, असं पुढं. अन् शेवटची पायली तो मोजायचा नाही. रास कधी पुरती मोजू नये. शेवटचं माप खळ्याचं. ते जमिनीवर तसंच ठेवायचं अन् तोंड मिटून घ्यायचं. मापात ते कधी धरलं जायचं नाही. मी त्याच्या बाजूला बसून हेच शिकलो.

लाभ, दोन, तीन. सगळी डोकी काळी, सारखीच. एकोणीसपर्यंत आलो. एक डोकं बाकीच्यांपासून थोडं लांब होतं. माझं तोंड आपोआप मिटलं.

"उन्नीस, साब."

होडीनं एकोणीस माणसं आणली. साहेबानं वर येताना मोजली, उन्नीस पूरे म्हणाला, अन् बोट वळली. मी मागं पाहिलं. बोटीच्या मागच्या पाण्यात एक हात वर होता. कोपरापर्यंत. हलवत नव्हता. इथं एक आहे, एवढंच सांगायला धरावा तसा.

मी ओरडलो नाही. पुढं कितीतरी वर्षं मी मनाला सांगितलं की साहेबाला थांबवणारा मी झाडूवाला कोण. ते खरं नाही. साहेब भला होता, त्यानं बोट वळवली असती. माझी चूक सगळ्यांना कळेल, याची मला भीती वाटली. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो, अन् तो हात लहान होत गेला.

हे मी फक्त पंचफुलाला सांगितलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजपासून घरातलं काहीच तुमी मोजत जाऊ नका. मी मोजीन." अन् तिनं मोजलं. भाकरी, बकऱ्या, दिवस, कापसाची गाठोडी, सगळं. ती गेल्यावर घरात मोजणारं कुणी राहिलं नाही.

४

गुरुवारी मी दुपारी खाटेवर पडलो होतो. उन्हानं पत्रा तडतडत होता. तो रोज तडतडतो. पण त्यात दुसरा आवाज होता. दगडावर ओला हात सपाट आपटावा तसा. तीनदा. मग थांबून परत तीनदा.

उठून विहिरीवर गेलो. पाणी चुन्याच्या बोटाला टेकलेलं. कुणी नाही. आवाजही नाही. खाटेवर येऊन पडलो, परत सुरू. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. पत्राच आहे म्हटलं. पण पत्रा मध्ये थांबून वाट पाहत नाही.

खोलीत वास येत होता. मला वाटलं गोकुळचा ट्रॅक्टर गळत असेल. पण ट्रॅक्टर त्याच्या घरी होता. बादलीत पाहिलं तर पाण्यावर रंगीत साय होती, निळी-जांभळी. बकऱ्यांनी तोंड लावलं नाही. दोर मी खुंटीवर टांगून ठेवतो. त्याचं फक्त टोक पाण्यात जातं. त्या दिवशी सगळा दोर ओला होता, खुंटीपासून खालपर्यंत, अन् खाली तेलाचा थेंब पडत होता.

संध्याकाळी गोकुळ आला. तोंड उतरलेलं होतं.

"काका, वासरू गेलं."

"कोणतं?"

"तांबडीचं. तुमच्या विहिरीत. घसरलं असन पायरीवरून. पहाटेच वर काढलं आमी, तुमी निजले होते. रेणुका रडून राह्यली सकाळपासून. आमची पोरगी इथंच खेळते, काका. उद्या आतला जुना पाईप काढतो अन् शनिवारी जेसीबी आणून बुजवतो. तसंही तुमी जाऊनच राह्यले."

मी विहिरीकडे पाहिलं. मग म्हटलं, "नको बुजवू."

"काऊन?"

"आत माणूस हाय."

गोकुळनं माझ्याकडे पाहिलं. थट्टा करायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण केली नाही. हळूच म्हणाला, "काका, तुमी एकटे लय दिवस राह्यले. काकी असती तर असं बोलले नसते."

"गोकुळ, मी येडा नाही झालो."

"मी कुठं म्हटलं? पण माह्या पोरीले काही झालं तर मी कोनाले विचारू? त्या माणसाले?"

त्याची लेक चार वर्षांची आहे अन् वाऱ्यासारखी पळते. तिच्या मानानं पाहिलं तर गोकुळचंच खरं. पण शनिवारी माती पडणार होती, अन् जो एकदा मागं राहिला होता तो परत मागं राहणार होता. तेही माझ्याच वावरात.

५

शुक्रवारी गोकुळ अन् त्याचा साळा गोविंदा पाईप काढायला आले. दहा वाजले होते. पाणी खाली गेलेलं होतं, फुटकी पायरीही उघडी होती.

"साडेबाराच्या आत वर या," मी सांगितलं.

"काऊन, काका? साडेबाराले विहिरीचं कुलूप लागते काय?" गोविंदा म्हणाला.

"पाणी चढते."

"चैत्रात पाणी चढते, अन् आमच्या गावात नळाले येत नाही," तो गोकुळला म्हणाला. दोघं हसत उतरले. खाली पान्याचा ठणठण आवाज सुरू झाला. मी काठावर बसून राहिलो. दोर गडगडीच्या चाकावरून खाली सोडला अन् त्याचं टोक लिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात धरलं.

बारा वाजले. मी हाक मारली. गोकुळ म्हणाला, एकच नट राह्यला. सव्वाबारा झाले. नट गंजलेला होता. परत हाक मारली. मग तो श्वास ऐकू आला. खालून, लांब. पान्याचा ठणठण थांबला.

"काका," गोकुळचा आवाज बदलला होता, "हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

मी वाकून पाहिलं. पाणी त्यांच्या कमरेला होतं. न वाजता चढत होतं. काळं. गोविंदा पायरीवर चढला अन् घसरून परत पडला. पायऱ्यांवर तेल होतं, पाय ठरत नव्हता.

"दोर धरा," मी ओरडलो. माझा आवाज केवढा मोठा होता ते मला इतक्या वर्षांनी कळलं. "दोर धरा अन् एकानं आधी या!"

पाणी त्यांच्या छातीशी आलं. तेलानं दोघांचीही तोंडं काळी झाली होती. वरून कोण गोकुळ अन् कोण गोविंदा ते ओळखू येत नव्हतं. मी मोजलं. मुद्दाम मोजलं, मोठ्यानं, अन् लाभ म्हटलं नाही.

"एक. दोन."

तोंड मिटायला लागलं होतं. मी मिटू दिलं नाही.

"तीन."

६

गोविंदा आधी आला. काठावर हात टेकून तो उलट्या करायला लागला. मग गोकुळ आला, गुडघे फुटलेले. तो माझ्याजवळ पडला अन् आभाळाकडे पाहत धापा टाकत राहिला. मी दोर सोडला नाही.

"सोडा, काका. आलो आमी."

दोर ताठ होता. बुंध्याची साल निघत होती.

"पाईप अडकला असन त्याले," गोकुळ म्हणाला. "सोडून द्या, मरू द्या पाईप."

"ओढू लाग, गोकुळ."

तो भला पोरगा आहे. उठला, माझ्या पुढं दोराला हात घातला अन् एक हिसका दिला. मग थांबला. त्यानं दोर हातात तसाच धरून ठेवला, नाडी पाहावी तसा. अन् हळूच हात काढून घेतले.

"काका, हे वजन सोता हातावर हात टाकत वर येऊन राह्यलं."

तो मागं सरकला. गोविंदा कधीच बांधापलीकडे गेला होता. गोकुळ पाठ न फिरवता, माझ्याकडे पाहत पाहत बांधापर्यंत गेला अन् तिथं उभा राहिला.

मी ओढत होतो. माझ्या अंगात तेवढा जोर नाही. पण ओढणारा मी एकटा नव्हतो. दुसऱ्या बाजूनंही काम चाललं होतं. एक हात दोर आला की थोडं थांबायचं. थकलेला माणूस थांबतो तसं. मग परत.

गडगडी थांबली. मी पायऱ्यांकडे पाहिलं. वरून तिसऱ्या पायरीवर एक हात आला. पंजा सपाट टेकलेला, म्हातारा माणूस जमिनीवरून उठताना टेकतो तसा. बोटं पांढरी होती, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी चुरगळलेली. नखांत काळं तेल. एका बोटात साधी पितळेची अंगठी. ती सैल झाली होती अन् बोटाच्या सांध्याला अडकली होती.

त्याच्यामागं डोकं वर यायला लागलं, अन् मी डोळे मिटले. पाहायला पाहिजे होतं. पाहवलं नाही.

माझ्या जवळून कुणीतरी गेलं. अंगावर गार वारं आलं, अन् तो तेलाचा वास. ओल्या पावलांचा आवाज झाला, अनवाणी, सावकाश. दोर हातात सैल पडला.

"वीस," मी म्हणालो. डोळे मिटूनच.

उघडले तेव्हा विहीर कोरडी होती. तळाला नुसता चिखल, अन् पायऱ्यांवर मिठाचा पांढरा थर. काठापासून माझ्या खोलीपर्यंत ओल गेलेली होती. खोलीचं दार मी उघडं ठेवलं होतं. ते लोटलेलं होतं.

७

शनिवारी जेसीबी आला अन् विहीर बुजवली. गोकुळ उभा राहून पाहत होता. माझ्या खोलीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. जाताना म्हणाला, "काका, रेणुका भाकर पाठवते तुमची. इकडंच राहा, बाहेर." अन् थांबून विचारलं, "काही बोलले काय थे?"

"नाही."

त्यानं मान हलवली अन् गेला.

मी खाट शुक्रवारी सकाळीच लिंबाखाली आणली होती. खोलीत गेलो नाही. दाराशी नळाच्या पाण्याचा तांब्या ठेवत होतो. तो रिकामा मिळायचा, तेवढंच. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. पंचफुला असती तर तिला सुचलं असतं. आतून आवाज फारसा यायचा नाही. खाट नसल्यामुळं जमिनीवरच पाठ टेकली असेल. कधी कधी खोकला यायचा, पाणी नाकातोंडात गेलेल्या माणसाचा, अन् तो आवरायचा प्रयत्नही ऐकू यायचा. परक्या घरात माणूस खोकला आवरतो तसा.

रविवारी दुपारी संघपाल गाडी घेऊन आला.

"बाबा, तुमी उन्हात काऊन? आत बसायचं ना."

"बरं आहे इथं."

"बॅग भरली?"

"भरली. आत आहे."

"मग आणतो. अनुपमानं स्वयंपाक करून ठेवला तुमचा, चार वाजेपर्यंत निघू." अनुपमा म्हणजे माझी सून.

"संघपाल, थांब."

पण तो घाईत होता. बुटासकट आत गेला. दार त्याच्या मागं लोटलं गेलं. मी खाटेची कड धरून बसलो. आत त्याचा फोन वाजला, अन् अर्ध्यातच बंद झाला. त्यानंतर काहीच नाही. बकरी एकदा ओरडली. लिंबाची सावली खाटेच्या पायावरून सरकून दुसऱ्या पायावर गेली.

मग दार उघडलं. संघपाल बाहेर आला तेव्हा बूट त्याच्या हातात होते. बॅग नव्हती. त्यानं दार इतकं हळू ओढून घेतलं की कडीचा आवाजही झाला नाही. येऊन माझ्या बाजूला बसला. त्याचे मोजे ओले झाले होते. त्यानं ते पाहिले.

मेहकरचं नाव त्यानं काढलं नाही. आत कोण, कुठून आला, असं काही विचारेल म्हणून मी शब्द जुळवून बसलो होतो. घरात कुणी नुकतंच निजलं असावं अशा आवाजात तो बोलला.

"बाबा, किती दिवसांचे उपाशी हायेत ते?"

"लय," मी म्हणालो.

त्यानं बूट खाटेखाली सरकवले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"पिठाचा डबा कुठं हाय?"

"आतच."

त्यानं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हात पुढं करून त्यानं मला खाटेवरून उठवलं.

"चला," तो म्हणाला. "दोघं जाऊ."